अंगणांतला फुटबॉल



दहिसर मागें टाकून लोकलगाडी उत्तरेकडे निघाली कीं मीरा रोड आणि भाईंदर हीं दोन स्थानकें लागतात व त्यापुढें वसईच्या खाडीवरील पूल येतो. या दोहोंपैकीं कोणत्याहि स्थानकावर दिवेलागणीनंतर उतरावें आणि नव्या वस्तींतून थोडें फिरावें. उंच इमारतींच्या मधोमध, लोखंडी खांबांना चारी बाजूंनीं आणि बहुधा वरूनहि जाळें बांधलेला एक हिरवा चौक दृष्टीस पडतो. त्यावर विजेचे प्रखर दिवे असतात. खालीं गवत दिसतें. पण तें गवत नसून कृत्रिम धाग्यांचा गालिचा असतो. आणि त्या पिंजऱ्यांत दहा-बारा तरुण घामाघूम होऊन चेंडूमागें धांवत असतात. तेथील लोक या जागेस नुसतें ‘टर्फ’ म्हणतात.

जुन्या पिढींतील एखादा फुटबॉलभक्त हें दृश्य पाहील तर नाक मुरडील. अकरा गडी नाहींत, पंच नाहीं, ऑफसाइड नाहीं; चेंडू जाळीवर आपटून परत येतो तरी खेळ थांबत नाहीं. हा कसला फुटबॉल, असें तो विचारील. जागेच्या टंचाईनें केलेली ही तडजोड आहे, मूळ खेळाची ही खुजी नक्कल आहे, असें त्याचें मत पडेल. ‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे. आज मला जी हकीकत सांगावयाची आहे ती या म्हणीच्या नेमकी उलट आहे. अंगण वांकडें होतें, अपुरें होतें, म्हणूनच कांहीं लोक निराळा नाच शिकले. आणि तो नाच इतका देखणा निघाला कीं ज्यांच्यापाशीं विस्तीर्ण मैदानें होतीं तेहि तो शिकावयास आले. ही हकीकत माँटेव्हिडिओची आहे, मुंबईची आहे, नागपूरची आहे. आणि शेवटीं ती मीरा-भाईंदरमधील एका प्रश्नापाशीं येऊन ठेपते.

प्रथम अकरा या आंकड्याचा विचार करूं. अकरा गडी म्हणजेच फुटबॉल, अशी आपली समजूत असते. पण ती खेळाच्या आरंभापासूनची नाहीं. लंडनमध्यें १८६३ सालीं फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि तिनें आपले पहिले लेखी नियम केले. त्या नियमांत खेळाडूंची संख्या दिलेलीच नव्हती; ती दोन्ही पक्षांनीं आपसांत ठरवावयाची असे. अकरांचा प्रघात हळूहळू रूढ झाला आणि १८९७ च्या नियमांत त्याला कायद्याचें रूप मिळालें. मैदानाचें मापहि असेंच पुढें स्थिरावलें. आज मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठीं १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद मैदान घेतात. त्याचें क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर होतें. इंग्लंडांतील श्रीमंत शाळांच्या हिरवळीवर वाढलेल्या खेळास ही चैन परवडत होती. परंतु तोच खेळ जहाजांतून, पलटणींतून व व्यापारी कचेऱ्यांतून जगभर पसरला, आणि जेथें माणसें पुष्कळ व मोकळी जमीन थोडी, अशा बंदरांत आणि गिरण्यांच्या शहरांत जाऊन पोंचला. तेथें मुलांपुढें दोनच मार्ग होते. एक तर खेळावयाचें नाहीं. नाहीं तर अंथरूण पाहून पाय पसरावयाचे. मुलांनीं कोणता मार्ग पत्करला असेल हें सांगावयास नको.

या मुलांच्या खेळास नियमांची चौकट मिळाली ती दक्षिण अमेरिकेंतील युरुग्वे या चिमुकल्या देशांत. युरुग्वेनें १९२४ व १९२८ या दोन ऑलिंपिक स्पर्धांत फुटबॉलचें सुवर्णपदक पटकावलें होतें. १९३० सालीं पहिली विश्वचषक स्पर्धा त्याच्याच राजधानींत, माँटेव्हिडिओ येथें, भरली आणि तीहि त्यानेंच जिंकली. साऱ्या शहरास फुटबॉलचें वेड लागलें होतें आणि मैदानें पुरेनाशीं झालीं होतीं. तेथील वाय. एम. सी. ए. या संस्थेंत हुआन कार्लोस सेरियानी नांवाचे एक व्यायामशिक्षक होते. बास्केटबॉलच्या अंगणांत मुलें फुटबॉल खेळतात, हें त्यांनीं पाहिलें. दुसऱ्या एखाद्या शिक्षकानें चेंडू काढून घेतला असता. सेरियानींनीं त्या खेळास नियम करून दिले.

त्यांची युक्ति मोठी मौजेची होती. त्यांनीं नवें असें फारसें कांहीं रचलें नाहीं. शेजारच्या खेळांकडून उसनवारी केली. एका बाजूस पांच गडी आणि चाळीस मिनिटांचा सामना, हें बास्केटबॉलकडून घेतलें. गोलरक्षकाविषयींचे नियम वॉटरपोलोकडून आणले. अंगणाचें व गोलाचें माप हँडबॉलवरून ठरविलें. पायानें खेळावयाचा मूळ धर्म मात्र फुटबॉलचाच राहिला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. बास्केटबॉल हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यांनीं निर्माण केला; व्हॉलीबॉल १८९५ सालीं जवळच्याच होल्योक गांवीं विल्यम मॉर्गन यांनीं. हे दोघेहि वाय. एम. सी. ए. शीं संबंधित शिक्षक होते आणि दोघांपुढें प्रश्न एकच होता: छपराखालच्या थोड्या जागेंत पुष्कळ माणसांस व्यायाम कसा द्यावा? सेरियानींचा फुटबॉल हा त्याच प्रश्नास मिळालेला आणखी एक जबाब होय.

आपणां महाराष्ट्रीयांस हा विचार परका वाटूं नये. हुतुतू, आट्यापाट्या, खोखो हे आपले सारे खेळ अंगणांतलेच आहेत. आजच्या कबड्डीचें पुरुषांचें क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. म्हणजे १३० चौरस मीटरांत चौदा माणसें झुंजतात. त्यासाठीं साहित्य कांहींच लागत नाहीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं खोखोस नियमबद्ध केलें, तें काम आणि सेरियानींचें काम एकाच जातीचें होय. लहान जागेंतल्या खेळास नियमांची शिस्त मिळाली कीं तो मुलांचा पोरखेळ राहत नाहीं, त्याची कला होते.

आतां हा खेळ खेळतात कसा, तें पाहूं. आज त्याला ‘फुटसाल’ म्हणतात. पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांत ‘दालनांतला फुटबॉल’ या अर्थाचे जे शब्द आहेत त्यांचा हा संक्षेप होय. आंतरराष्ट्रीय सामन्यांचें अंगण साधारणतः ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असतें. गोलाची चौकट ३ मीटर रुंद व २ मीटर उंच. मोठ्या फुटबॉलची चौकट ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असते. चेंडू थोडा लहान असतो आणि मुद्दाम आळशी केलेला असतो. दोन मीटरांवरून सोडला तर तो अर्ध्या मीटराहून थोडाच अधिक उसळतो. त्यामुळें चेंडू हवेंत कमी आणि पायाशीं अधिक राहतो. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. चेंडू खेळाबाहेर गेला कीं घड्याळ थांबतें, म्हणून वेळकाढूपणाचा उपयोग होत नाहीं. चेंडू रेषेबाहेर गेल्यास तो हातानें न फेंकतां रेषेवर ठेवून पायानें आंत मारावयाचा, आणि तोहि चार सेकंदांच्या आंत. ऑफसाइड नाहीं. खेळाडू किती वेळां बदलावे यास मर्यादा नाहीं; थकलेला गडी बाहेर येतो, ताजा आंत जातो, खेळ चालूच राहतो.

एक नियम मात्र मला विशेष शहाणपणाचा वाटतो. थोड्या जागेंत धक्काबुक्कीचा मोह फार. म्हणून प्रत्येक डावांत संघाच्या गंभीर अपराधांची बेरीज ठेवतात. पांच अपराधांपर्यंत, फ्री किकच्या वेळीं गोलापुढें खेळाडूंची भिंत उभी करतां येते. सहाव्या अपराधापासून ती सवलत संपते. प्रतिपक्षास दहा मीटरांवरून गोलावर सरळ, आडोशाविना, मारा करतां येतो. एकाच्या दांडगाईची किंमत साऱ्या संघास मोजावी लागते. अरुंद घरांत एकत्र कुटुंब नांदवावयाचें तर असेच कांहीं नियम लागतात, नाहीं का?

थोडा हिशेब केला म्हणजे या खेळाचें मर्म कळतें. मोठ्या मैदानावर ७,१४० चौरस मीटरांत बावीस गडी. म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें ३२५ चौरस मीटर जागा. फुटसालमध्यें ८०० चौरस मीटरांत दहा गडी; प्रत्येकास ८०. जागा चौपटीनें आटली कीं विचार करावयाचा वेळहि आटतो. चेंडू येण्याच्या आधींच तो कोठें द्यावयाचा हें ठरलेलें असावें लागतें. तो अडवावयाचा तळपायानें, वळवावयाचा बोटांच्या टोकानें, आणि दिला कीं आपण त्या जागीं उभें राहावयाचें नाहीं. चारहि गडी सतत जागा बदलतात. बचाव करणारा क्षणांत चढाई करतो आणि चढाई करणारा बचावास धांवतो. सामना हातचा जाऊं लागला तर गोलरक्षक स्वतःहि पुढें येतो, आणि मागचा गोल उघडा टाकून पांचजण चौघांवर तुटून पडतात. मोठ्या मैदानावर दुबळा खेळाडू कोपऱ्यांत लपूं शकतो. येथें लपावयास कोपराच नसतो. प्रत्येकाच्या पायास चेंडू वारंवार लागतो, आणि लहान मुलास खेळ शिकविणारा याहून चांगला गुरु दुसरा नाहीं.

ब्राझीलनें हें सर्वांआधीं ओळखलें. साओ पावलो व रिओच्या दाट वस्त्यांत हा खेळ रुजला. पेले, झिको, रोनाल्डिन्हो हे जगद्विख्यात खेळाडू बालपणीं या लहान अंगणांतच तयार झाले. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघानें, म्हणजे फिफानें, १९८९ सालीं नेदरलँड्समध्यें आपली पहिली पांच गड्यांची जागतिक स्पर्धा भरविली, ती ब्राझीलनें जिंकली. आणि २०२४ सालीं उझबेकिस्तानांतील स्पर्धा जिंकून त्यानें सहाव्यांदा विजेतेपद मिळविलें. मधल्या काळांत स्पेन, अर्जेंटिना व पोर्तुगाल यांनींहि हा चषक नेला.

आतां आपल्या घराकडे वळूं. हिंदुस्थानांत फुटबॉल प्रामुख्यानें पलटणींबरोबर आला. मुंबईंत १८९१ सालीं रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली, आणि पुढें कित्येक वर्षें तींत गोऱ्या पलटणींचेंच राज्य होतें. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें हा चषक जिंकला, तेव्हां प्रथमच तो हिंदी लोकांच्या हातीं आला. महाराष्ट्राच्या फुटबॉलचा कारभार पाहणारी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ ची. परंतु मुंबईच्या खेळाचा दुसरा एक ओघ आहे आणि तो गोव्याकडून येतो. गोव्यांत शिवोली येथें १८८३ सालीं फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनीं हा खेळ नेला, असें तेथें सांगतात. भाताचीं कापणी झालेलीं शेतें हींच तेथील मुलांचीं मैदानें झालीं. पोटापाण्यासाठीं मुंबईस आलेल्या गोमंतकीयांनीं, आपल्या गांवच्या कुडांत पथारी टाकतांना, हा खेळहि बरोबर आणला. १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारतानें चार गोल केले, त्यांपैकीं तीन एकट्या नेव्हिल डिसूझा यांचे होते; गोव्यांत जन्मलेला हा खेळाडू मुंबईच्या फुटबॉलनें जगापुढें आणला.

मुंबईचा स्वतःचा असा लहान फुटबॉल याच लोकांत वाढला. त्याला येथें ‘रिंक फुटबॉल’ म्हणतात. वांद्र्यापासून वसईपर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांतून चर्चच्या, शाळेच्या किंवा जिमखान्याच्या फरसबंद आवारांत तो खेळला जातो. आवार बहुधा बास्केटबॉलचें असतें, गोल लहान असतात आणि कडेला उभे असतात गल्लीतले शेजारी, आयाबहिणी, धर्मगुरु आणि पुढच्या सामन्याची वाट पाहणारीं मुलें. फुटसाल हें नांव येथें पोंचण्यापूर्वींच हा खेळ येथल्या पोरांच्या पायांत भिनलेला होता. मीरा-भाईंदरच्या पश्चिम कडेस, समुद्रालगत, उत्तन व डोंगरी हीं जुनीं गांवें याच पट्ट्यांतलीं. तेथील कोळी व ईस्ट इंडियन लोक पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती आहेत; बोली मराठीची, धंदा मासेमारीचा व शेतीचा, आणि चर्चचें अंगण हें गांवाचें अंगण. ज्या गांवांत असें सामाईक अंगण असतें, तेथें खेळावयास कोठें जावें हा प्रश्न मुलास पडत नाहीं.

अंगणाप्रमाणें खेळ बदलतो, याचा आणखी एक दाखला केरळांत मिळतो. मलबारांत, विशेषतः मलप्पुरम जिल्ह्यांत, सात गड्यांचा ‘सेव्हन्स’ खेळतात. भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या शेतांत तात्पुरत्या माच्या उभारून, रात्रीं दिव्यांच्या उजेडांत, हजारों लोक हे सामने पाहतात. या खेळाचें वेड इतकें कीं आफ्रिकेंतले खेळाडू एका हंगामापुरते तेथील संघांतून खेळावयास येतात. शेत जेवढें, मैदान तेवढें. मैदान जेवढें, संघ तेवढा. मलबारच्या शेतकऱ्यास हें कोणी शिकविलेलें नाहीं.

परंतु लहान फुटबॉलनें खरी करामत केली ती आपल्या नागपुरांत. तेथील हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं २००१ सालीं भर पावसांत झोपडपट्टींतील मुलांस एक फुटकी बादली लाथाडीत खेळतांना पाहिलें. चेंडू नव्हता, मैदान नव्हतें, तरी खेळ मात्र होता. बारसे यांनीं मुलांस चेंडू दिला आणि झोपडपट्टींतील संघांची स्पर्धा भरविली. पहिल्याच स्पर्धेंत १२८ संघ उतरले. त्यांतून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. २०१६ सालीं फिफानें तिला विविधतेसाठींचा आपला पुरस्कार दिला. आणि २०२२ सालीं नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटानें ही कथा घरोघरीं पोंचविली.

या संस्थेचीं मुलें ज्या जागतिक स्पर्धेंत उतरतात ती बेघरांची विश्वचषक स्पर्धा होय. ती २००३ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें सुरू झाली. तिचें अंगण आणखी लहान, २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद. प्रत्येक बाजूस तीन गडी व एक गोलरक्षक. सात-सात मिनिटांचे दोन डाव. कडेनें फळ्यांची भिंत असते व तिच्यावरून चेंडू परत येतो. येथें गड्याच्या वांट्यास जागा येते ती अवघी ४४ चौरस मीटर. असें अंगण शहराच्या भर चौकांतहि मांडतां येतें, आणि तोच त्यांतला हेतु आहे. ज्यांस समाजानें कडेला लोटलें त्यांचा खेळ गांवाबाहेर नव्हे, गांवाच्या मध्यभागीं व्हावा. बरोबरी झाल्यास पेनल्टीनें निकाल लावतात. त्यांत हरणाऱ्यासहि एक गुण मिळतो.

भिंत ही लहान अंगणाची अडचण नसून तिचा उपयोग कसा होतो, याचें हृद्य उदाहरण अंधांच्या फुटबॉलमध्यें पाहावयास मिळतें. २००४ सालच्या अथेन्स येथील पॅरालिंपिकपासून हा पांच गड्यांचा खेळ त्या स्पर्धांत आहे. चेंडूंत खुळखुळे असतात. दोन्ही लांब बाजूंस फळ्यांची भिंत असते. तिच्यामुळें चेंडू दूर जात नाहीं आणि खेळाडूस दिशाहि कळते. गोलरक्षक तेवढा डोळस असतो. चेंडूवर चालून जाणारा गडी ‘व्हॉय’ असा पुकारा करतो, म्हणजे टक्कर टळते. आणि प्रेक्षक? ते गोल होईपर्यंत श्वास रोधून गप्प बसतात. नभोवाणीच्या श्रोत्यांस हें सांगतांना मला विशेष आनंद होतो, कारण केवळ कानांवर भरंवसा ठेवून सारें चित्र उभें करण्याची कला आपणांसहि अवगत आहे.

आतां पुन्हां मीरा-भाईंदरकडे येऊं. खाडी, तिवरांचीं बनें, मिठागरें आणि डोंगर यांच्या बेचक्यांत वसलेल्या या गांवांची १९८५ सालीं नगरपरिषद झाली आणि २००२ सालीं महानगरपालिका. १९९१ च्या शिरगणतींत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरांत होती. २००१ सालीं ती ५,२०,३८८ झाली आणि २०११ सालीं ८,०९,३७८. मुंबईंत घर परवडेना म्हणून गिरगांवांतून, परळमधून, वांद्र्याहून आणि देशाच्या चारी दिशांनीं लोक येथें आले. त्यांनीं मोठ्या कष्टानें दोन खोल्या मिळविल्या; पण पूर्वींच्या चाळींतलें अंगण कांहीं बरोबर आणतां आलें नाहीं. जमीन इमारतींखालीं गेली, इमारतींखालची उरली ती मोटारींखालीं गेली, आणि मुलें जिन्यांत खेळूं लागलीं.

या परिस्थितींत टर्फ आलें. त्याचे उपकार मान्य केले पाहिजेत. रात्रीं दहा वाजतां कचेरींतून परतलेला तरुण तेथें तासभर खेळूं शकतो. पावसाळ्यांत चिखल नाहीं, उन्हाळ्यांत धूळ नाहीं. ज्या मुली रस्त्यावर खेळावयास धजत नाहींत त्या तेथें निर्धास्त खेळतात. खेळाचे नियम जागेप्रमाणें आपसांत ठरतात. पांच, सहा किंवा सात गडी, जाळीवरून आलेला चेंडू चालूच, आणि संघ तीन असतील तर जिंकेल तो राहील व हरेल तो बाहेर बसेल. सेरियानींच्या मुलांनीं केलें तेंच हीं मुलें करीत आहेत. इतिहासाचा धागा तुटलेला नाहीं.

मात्र एक गोष्ट बदलली आहे आणि तीच आज मला आपणांपुढें मांडावयाची आहे. माँटेव्हिडिओचें अंगण, वांद्र्याच्या चर्चचें आवार, मलबारचें कापलेलें शेत, नागपूरच्या झोपडपट्टींतली मोकळी जागा, या सर्वांत एक गुण समान होता. तेथें खेळणाऱ्या मुलाजवळ कोणी पैसे मागत नव्हतें. टर्फ तासाच्या भाड्यानें मिळतें. तें भाडें दहा जणांत वांटलें तरी प्रत्येकाच्या वांट्यास जी रक्कम येते ती मिळवत्या तरुणास जड नाहीं. पण रिक्षावाल्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या, उत्तनच्या नाखव्याच्या खलाशाच्या मुलास आठवड्यांतून तीनदां ती देणें शक्य नाहीं. तो जाळीबाहेर उभा राहून पाहतो. जुन्या अंगणांत कडेला उभ्या असलेल्या मुलास एखादा गडी दमला कीं हांक मारून आंत घेत असत. जाळीस दार असतें आणि दारास तास बांधलेला असतो. तेथें हांक मारण्याची सोय नाहीं. खेळाचें अंग लहान झालें याचें मला दुःख नाहीं. त्याचें दार लहान झालें, याचें आहे.

कोणी म्हणेल, जागाच नाहीं, तर काय करावें? पण लहान फुटबॉलचा सारा इतिहास याच सबबीस दिलेलें उत्तर आहे. ज्या शहरास ७,१४० चौरस मीटरांचें मैदान देववत नाहीं त्यास ८०० चौरस मीटरांचें अंगण देववतें. आणि जेथें मोठें मैदान आहे तेथें हिशेब अधिकच सोपा आहे: एका मोठ्या मैदानाच्या क्षेत्रफळांत अशीं सात अंगणें मावतात, बावीस मुलांऐवजीं एकाच वेळीं सत्तर मुलें खेळतात. दररोज संध्याकाळीं पांचनंतर ज्यांच्या फाटकास कुलूप लागतें अशा शाळांचीं आवारें दोन तास उघडीं ठेवावीं. विकासाच्या नकाशांत खेळासाठीं राखून ठेवलेला प्रत्येक तुकडा, तो कितीहि लहान असो, खेळासाठींच राहावा. आणि सार्वजनिक जमिनीवर भाड्याचें टर्फ उभें राहिलें असेल तर, रोजचे निदान दोन तास वस्तींतील मुलांस विनामूल्य मिळावे. यांत कोणावर मेहेरबानी नाहीं. लहान अंगण हें गरजेंतून जन्मलें. गरजवंतास तेथें पहिला मान हवा.

वांकड्या अंगणांत नाचावयास आपलीं मुलें तयार आहेत. त्यांच्यासाठीं अंगण उघडें ठेवण्याचें काम मात्र मोठ्यांचें आहे.